आठ वर्षे तीच कमिटी, हिशेब नाही, निवडणूक नाही: सोसायटीच्या सभासदाने कुठून सुरुवात करावी

प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यातली 84 फ्लॅटची सोसायटी. आठ वर्षे तीच कमिटी, मुदत संपूनही निवडणूक नाही. वार्षिक सभा फक्त कागदावर होते. मेंटेनन्स चौरस फुटाप्रमाणे. फ्लॅट विकताना दोन लाख रुपये ‘डोनेशन’ घेतात. गेल्या वर्षी बाहेरचा रंग आणि गळती दुरुस्तीचे 62 लाखांचे काम सेक्रेटरीच्या मेव्हण्याच्या फर्मला दिले. हिशेब मागितला तर उत्तराऐवजी थकबाकीची नोटीस आली. वकील लावावा का? मेंटेनन्स भरणे थांबवावे का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. मेंटेनन्स भरणे थांबवू नका. बिल चुकीचे वाटत असले तरी भरा, आणि सोबत एक ओळीचे पत्र द्या: ‘अमुक बिलातील तमुक रकमेबद्दल हरकत कायम ठेवून, निषेधासह रक्कम भरत आहे.’ भरणे थांबवले की तुम्ही थकबाकीदार ठरता. मागणी झाल्यावर तीन महिन्यांत रक्कम न भरणारा सभासद कमिटीवर निवडून येण्यास अपात्र होतो. कमिटीला नेमके हेच हवे असते. हिशेब मागणाऱ्या माणसाला थकबाकीदार करून टाकले की पुढची पाच वर्षे निवांत.

वकिलाची गरज लागेल, पण शेवटी. यातले बहुतेक काम कागदाचे आहे आणि ते सभासदाला स्वतः करता येते. बहुतेक तक्रारी फसतात त्या कायदा दुबळा आहे म्हणून नाही, तर चुकीच्या दारात, पुराव्याशिवाय आणि एकट्याने गेल्यामुळे.

पहिली खात्री: तुमची संस्था नक्की कोणती आहे? नोंदणी प्रमाणपत्र पाहा. क्रमांकात ‘एचएसजी’ आणि ‘टीसी’ अशी अक्षरे असतील तर ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 खाली नोंदलेली गृहनिर्माण सोसायटी आहे आणि पुढचे सगळे तिला लागू आहे. त्याऐवजी ‘डीड ऑफ डिक्लेरेशन’ असेल तर ते 1970 च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालचे असोसिएशन. तिथे खर्च अविभक्त हिश्शाच्या प्रमाणात वाटला जातो आणि सहकार न्यायालयाचा मार्ग नसतो. पुण्यात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी असतात आणि लोक एकाचा नियम दुसऱ्याला लावून भांडतात.

दुसरी खात्री उपविधींची, म्हणजे बायलॉजची. शासनाचे आदर्श उपविधी 2014 चे आहेत, पण ते आपोआप लागू होत नाहीत. तुमच्या जनरल बॉडीने (सर्व सभासदांच्या सभेने) ते स्वीकारून उपनिबंधकाकडे (सहकारी संस्थांवर देखरेख ठेवणारा सरकारी अधिकारी) नोंदवले असले तरच ते तुमचे. जुनी सोसायटी असेल तर आधीच्याच उपविधींवर चालू असण्याची शक्यता बरीच. खाली जिथे ‘आदर्श उपविधी’ म्हणतो तिथे आपल्या प्रतीत ते कलम आहे का, कोणत्या क्रमांकाने आहे, ते ताडून घ्या. कायद्यातली कलमे मात्र सगळ्यांना बांधतात. 2019 मध्ये कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी 13-ब हे स्वतंत्र प्रकरण आले आहे, त्यामुळे त्याआधी छापलेल्या पुस्तिकांवर विसंबू नका.

आता कागद. सभासदाला उपविधी, लेखापरीक्षित ताळेबंद, जमाखर्च, कमिटी सदस्यांची यादी, ‘जे’ नमुन्यातली सभासद यादी, जनरल बॉडी आणि कमिटी या दोन्हींची इतिवृत्ते आणि स्वतःच्या खात्याचे उतारे पाहण्याचा हक्क आहे. ठरलेली फी भरून प्रतीही मिळतात. पण अर्ज कसा करता यावर सगळे अवलंबून असते. ‘आठ वर्षांचे सर्व हिशेब द्यावेत’ असे लिहिले की ‘मागणी मोघम आहे’ हे उत्तर तयार असते. असे लिहा:

‘प्रति, सचिव. मी फ्लॅट क्र. 503 चा सभासद आहे. मला पुढील कागदांच्या प्रती हव्या आहेत: (1) 1 एप्रिल 2023 ते 31 मार्च 2024 या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल व त्याचा दोषदुरुस्ती अहवाल, (2) बाह्य दुरुस्तीच्या कामाला मंजुरी देणाऱ्या सभेची नोटीस, हजेरीपट व इतिवृत्त, (3) त्याच कामाची निविदा, आलेली दरपत्रके, तुलनात्मक तक्ता, कार्यादेश व मोजमाप पुस्तक. नियमाप्रमाणे फी कळवावी, ती त्वरित भरतो. प्रती देणे शक्य नसल्यास पाहणीसाठी दिवस व वेळ कळवावी.’

या अर्जाची दुसरी प्रत घेऊन तिच्यावर सोसायटीचा शिक्का, तारीख आणि सही घ्या. मॅनेजर ‘सर आल्यावर देतो’ म्हणाला तर तिथेच थांबून वाद घालू नका. त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो आठवण म्हणून ठीक, अर्ज म्हणून त्यावर विसंबू नका. आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाच्या लेखी तक्रारीवर कमिटीने निर्णय घेऊन तो 15 दिवसांत कळवायचा असतो. उत्तर आले नाही तर तो दिवस टिपून ठेवा, कारण उपनिबंधकाकडे जाताना ‘आधी संस्थेकडे दाद मागितली होती’ हे दाखवावे लागते.

सोसायटीने कागद दिलेच नाहीत तर माहितीच्या अधिकाराची वाट आहे, पण थोडी वळसा घालून. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये केरळच्या थलप्पलम बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केले की सहकारी संस्था केवळ नोंदलेली आहे म्हणून सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही. म्हणजे सेक्रेटरीला माहिती अधिकाराचा अर्ज देऊन उपयोग नाही. उपनिबंधकाचे कार्यालय मात्र सार्वजनिक प्राधिकरण आहे. सोसायटीने तिथे दाखल केलेले लेखापरीक्षण अहवाल, वार्षिक विवरणपत्रे, नोंदलेले उपविधी, निवडणुकीचे कागद हे सगळे 10 रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर मागता येते, मुदत 30 दिवस. यात एक गंमत असते. सोसायटीने 30 सप्टेंबरपर्यंत वार्षिक विवरणे दाखल करायची असतात, आणि त्यात सभा झाल्याची तारीख द्यावी लागते. ‘विवरणपत्र दाखल नाही’ असे लेखी उत्तर आले तरी ते तुमच्यासाठी पुरावाच आहे. आणि झालेल्या सभेची तारीख दाखवली असेल तर त्या तारखेचा हजेरीपट मागा. परदेशात असलेल्या सभासदाची सही त्यावर सापडली की पुढचे बोलणे फार सोपे होते.

आता बिल. ते एकदा ओळीओळीने उलगडून पाहा, कारण चौरस फुटाचा वाद तिथेच मिटतो. आदर्श उपविधींप्रमाणे वॉचमन, सफाई, जिन्यातली वीज, ऑफिसचा खर्च, ऑडिट फी हे सगळे सेवाशुल्क आणि ते प्रत्येक फ्लॅटला समान. महिन्याचा असा खर्च 1,68,000 रुपये असेल तर 84 ने भागून प्रत्येकी 2,000, फ्लॅट 650 फुटांचा असो की 1,000 फुटांचा. लिफ्टचा खर्चही समान, तळमजल्यालाही. पाणी नळांच्या संख्येप्रमाणे. मालमत्ता कर महापालिकेच्या आकारणीप्रमाणे. क्षेत्रफळाशी संबंध येतो तो मुख्यतः दोन निधींचा, तोही बांधकाम खर्चामार्गे: दुरुस्ती निधी जमिनीची किंमत वगळून बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीची राखीव पुंजी) किमान 0.25 टक्के. तुमच्या फ्लॅटचा बांधकाम खर्च 15 लाख धरला तर दुरुस्ती निधी वर्षाला 11,250 म्हणजे महिन्याला 937 रुपये 50 पैसे, आणि सिंकिंग फंड वर्षाला 3,750 म्हणजे महिन्याला 312 रुपये 50 पैसे. यापेक्षा वेगळी रक्कम दिसली तर ती कोणत्या ठरावाने ठरली, हा एकच प्रश्न विचारायचा.

फ्लॅट भाड्याने दिला असेल तर ना-वापर शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशाने ठरले आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाने ते उचलून धरले आहे. वरच्या उदाहरणात ते 200 रुपये होते. पुष्कळ ठिकाणी ते एकूण बिलावर लावतात, म्हणजे मालमत्ता करावर आणि सिंकिंग फंडावरही 10 टक्के, ते चूक. आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी राहत असतील तर ते लागतच नाही.

थकबाकीवरचे व्याज हा आणखी एक कोपरा जिथे कोणी टॉर्च मारत नाही. आदर्श उपविधींत कमाल दर 21 टक्के आहे, जनरल बॉडीने ठरवलेला, आणि सरळव्याजाने. सोसायट्यांची बिलिंग सॉफ्टवेअर मात्र ‘मागील बाकी’वर दरमहा 1.75 टक्के लावत जातात आणि त्या मागील बाकीत आधीचे व्याज मिसळलेले असते. 50,000 च्या थकबाकीवर वर्षाचे सरळव्याज 10,500 होते. चक्रवाढीने ते 11,570 च्या वर जाते. तीन-चार वर्षे जुन्या थकबाकीत हा फरक मोठा दिसतो. तुम्हाला आलेल्या नोटिशीत मुद्दल आणि व्याज वेगळे दाखवले आहे का ते पाहा. नसेल तर पहिले उत्तर तेवढेच द्या: ‘मुद्दल, व्याज, व्याजाचा दर आणि तो ठरवणारा ठराव वेगवेगळा कळवावा.’

सेक्रेटरीच्या लेटरहेडवरची नोटीस म्हणजे वसुली दाखला नव्हे. कलम 154ब-29 खाली सोसायटीने उपनिबंधकाकडे अर्ज करायचा, तुम्हाला नोटीस येते, सुनावणी होते, मग दाखला निघतो आणि त्यानंतर वसुली अधिकारी जप्तीपर्यंत जाऊ शकतो. त्या सुनावणीला गैरहजर राहणे ही सगळ्यात महागडी चूक. दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध फेरतपासणी अर्ज करायचा तर वसुलीच्या रकमेच्या 50 टक्के आधी भरावे लागतात. थकबाकीसाठी पाणी तोडणे, गेटवर नाव लावणे, पाहुण्यांची गाडी अडवणे हे अधिकार कमिटीला कुठेच दिलेले नाहीत.

डोनेशनचे उत्तर छोटे आहे. हस्तांतरण फी 500 रुपये, आणि प्रीमियम जनरल बॉडी ठरवेल तो, पण महापालिका हद्दीत जास्तीत जास्त 25,000. कुटुंबीय, वारस किंवा नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे फ्लॅट होत असेल तर प्रीमियम नाही. त्यावर कोणत्याही नावाने, विकास निधी म्हणून, सुशोभीकरण म्हणून, रक्कम घेता येत नाही. यातली मेख अशी की सोसायटी खरेदीदाराकडून ‘मी स्वखुशीने देत आहे’ असे पत्र आधी लिहून घेते. पैसे द्यावेच लागले तर रोख देऊ नका. बँकेतून पाठवा आणि सोबतच्या पत्रात ‘ही रक्कम न दिल्यास हस्तांतरण करणार नाही असे सांगितल्यामुळे, हरकतीसह’ असे लिहा. पुढे रक्कम परत मागण्याचा सगळा भार त्या पत्रावर असतो.

भाडेकरूंचेही तसेच. आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने देण्यासाठी सोसायटीची परवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचे, कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडायची. ‘बॅचलर नकोत’ हा जनरल बॉडीचा ठराव भिंतीवर लावायला बरा.

62 लाखांच्या कामाकडे येऊ. इथे लोक मेव्हण्यावर घसरतात आणि मुद्दा हातचा जातो. नातेवाईक असणे आपोआप बेकायदा नाही. कमिटी सदस्याचा स्वतःचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध त्या करारात असेल तर तो अपात्रतेचा विषय होतो, पण तो सिद्ध करावा लागतो: फर्ममध्ये भागीदारी, सामायिक बँक खाते, एकाच पत्त्यावरचा जीएसटी क्रमांक. जीएसटी क्रमांकावरून फर्मचे नाव आणि पत्ता पोर्टलवर कुणालाही दिसतो. तिथून सुरुवात करा.

त्यापेक्षा भक्कम मुद्दा मंजुरीचा आहे. आदर्श उपविधींत कमिटीला जनरल बॉडीच्या मंजुरीशिवाय दुरुस्तीवर खर्च करण्याची मर्यादा आहे: 25 सभासदांपर्यंत 25,000 रुपये, 26 ते 50 ला 50,000, आणि 51 च्या पुढे 1 लाख. तुमच्याकडे 84 सभासद, म्हणजे 1 लाख. 62 लाखांसाठी जनरल बॉडीचा ठराव हवा, आणि तो विषय नोटिशीतल्या कार्यक्रमपत्रिकेवर स्पष्ट छापलेला हवा. ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या ओळीखाली रंगकामाचा ठेका देता येत नाही. बरेच मोठे ठेके याच एका ओळीत लपलेले सापडतात.

मग मोजमाप. कंत्राटदाराचे बिल ‘एकरकमी’ असेल तर तिथेच हरकत घ्या. बाह्य रंगाचे बिल चौरस मीटरवर हवे आणि भिंतवार मोजमाप पुस्तक हवे. अंदाज घरबसल्या काढता येतो: इमारतीचा घेर 120 मीटर आणि उंची 24 मीटर असेल तर सरळ भिंतींचे क्षेत्र 2,880 चौरस मीटर. छज्जे, बाल्कन्या, डक्ट यांची भर पडते, खिडक्यांची वजावट होते. बिलात 5,200 चौरस मीटर लावले असतील तर ते खोटेच आहे असे नाही, पण वरचे 2,320 कुठून आले हे पानावर दिसले पाहिजे. सोबत पाहा: स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अंदाज कामाच्या आधीच्या तारखेचा आहे का, तिन्ही दरपत्रकांचा मजकूर आणि चुका एकसारख्या आहेत का, बिलातून टीडीएस कापला आहे का, आणि गळतीच्या हमीचे पत्र सोसायटीच्या नावावर आहे का. इमारत 15 ते 30 वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि 30 च्या पुढे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचे असते. ते न करता थेट रंग काढला असेल तर हाही प्रश्न सभेत विचारा.

सभा. कायद्याने, कलम 72 प्रमाणे, अंतिम अधिकार जनरल बॉडीचा; कमिटी तिची कारभारी. पण गणित पाहा. आदर्श उपविधींत गणसंख्या, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, दोन तृतीयांश किंवा 20, यांपैकी जी कमी ती. 84 चे दोन तृतीयांश 56, म्हणून 20 पुरतात. त्या 20 पैकी 11 हात वर झाले की 84 घरांचा निर्णय झाला. गणसंख्या नसल्याने तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला तर गणसंख्याही लागत नाही. कमिटीचे 11 जण मात्र कधी गैरहजर राहत नाहीत. कारभार बिघडण्याचे मूळ बहुतेक वेळा इथे असते, सेक्रेटरीच्या स्वभावात नव्हे. मुखत्यारपत्रावर किंवा प्रॉक्सीने सभेला बसता येत नाही, तेव्हा ‘मुलाला पाठवतो’ हा उपाय नाही. त्याला रीतसर सहयोगी सभासद करून घ्यावे लागते.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत, 14 पूर्ण दिवसांच्या नोटिशीने. तुम्ही वाट पाहत बसू नका. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर कमिटीला एका महिन्यात विशेष सभा बोलवावी लागते. 84 चा पाचवा हिस्सा 16.8, म्हणजे 17 सह्या. 17 वर थांबू नका, 25 घ्या. दोघे-तिघे दबावाने सही मागे घेतात, एखादा मूळ सभासदच नसतो, सही बायकोची आणि शेअर सर्टिफिकेट नवऱ्याच्या नावे असते. ‘जे’ यादीवर नाव ताडूनच सही घ्या. मागणीपत्रात विषय ठरावाच्या भाषेत लिहा: ‘बाह्य दुरुस्तीच्या कामाची सर्व कागदपत्रे सभेपुढे ठेवणे व त्रयस्थ अभियंत्याकडून मोजमाप करून घेण्याचा ठराव करणे.’ ‘भ्रष्टाचारावर चर्चा’ असा विषय लिहिला तर सभेत चर्चाच होते. महिन्यात सभा लागली नाही तर कलम 76 खाली उपनिबंधक ती बोलावू शकतो.

सभेत तुमचा विरोध नावासह इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याच रात्री ईमेलने पाठवा. कमिटीतल्या शहाण्या सदस्यांनाही हे सांगा: कमिटीच्या निर्णयांची जबाबदारी सगळ्या सदस्यांवर सामाईक आणि वैयक्तिक असते. ‘मी तर फक्त सही केली’ हा बचाव नाही. हे कळल्यावर अकरातले दोघे-तिघे आपणहून कागद काढून देतात, हा या नियमाचा सर्वात उपयोगी परिणाम.

आता बाहेरची दारे. उपनिबंधकाकडे काय मागायचे आणि सहकार न्यायालयात काय, याची गल्लत झाली की वर्ष जाते. सभा न घेणे, निवडणूक न घेणे, कागद न देणे, विवरणे न भरणे, लेखापरीक्षण न करणे: हे उपनिबंधकाचे. ठराव बेकायदा आहे, बिलाची आकारणी चुकीची आहे, डोनेशन परत हवे, पार्किंग माझे: हा कलम 91 खालचा वाद, सहकार न्यायालयाचा. वरच्या मजल्यावरून गळणारे पाणी हा सोसायटी आणि शेजारी दोघांचा विषय, पण बेकायदा बांधकाम महापालिकेचे. धमकी आणि मारहाण पोलिसांचे. हिशेबाची तक्रार घेऊन पोलिसांकडे गेलात तर ते उपनिबंधकाकडेच पाठवतील.

उपनिबंधकाच्या अर्जात ‘योग्य ती कारवाई व्हावी’ असे लिहू नका. त्या अर्जावर सोसायटीला ‘खुलासा करावा’ असे एक पत्र जाते आणि प्रकरण संपते. मागणी कलमवार करा. वार्षिक सभा वेळेत घेतली नाही, म्हणून कलम 75 खाली जबाबदार पदाधिकाऱ्यांना अपात्र ठरवावे. ही अपात्रता पाच वर्षांपर्यंत असू शकते. लेखापरीक्षण अहवालातील दोषांचा ‘ओ’ नमुन्यातील दुरुस्ती अहवाल दिलेला नाही, म्हणून कलम 82 प्रमाणे आदेश द्यावेत. बाह्य दुरुस्तीच्या खर्चाची कलम 83 खाली चौकशी करावी. याला एक पंचमांश सभासदांचा अर्ज असेल तर वजन वेगळेच, त्यामुळे तीच 25 सह्यांची यादी इथे पुन्हा कामी येते. चौकशीत संस्थेचे नुकसान दिसले तर कलम 88 खाली ते संबंधितांकडून वसूल करता येते. चौकशीचा खर्च अर्जदारांवरही टाकता येतो, तेव्हा एका विषयापुरता आणि कागदाचा आधार असलेलाच अर्ज करा.

कमिटीची मुदत पाच वर्षांची. तुमची तीन वर्षांपूर्वी संपली, म्हणजे ही बाजू सर्वात सोपी आहे. कलम 77अ खाली उपनिबंधक प्राधिकृत अधिकारी नेमू शकतो आणि त्याने निवडणूक लावायची असते. 250 पर्यंत सभासद असलेल्या सोसायट्यांना निवडणूक स्वतः घेता येते, निवडणूक न लढवणारा सभासद किंवा अधिकृत पॅनेलवरचा माणूस निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून नेमून. त्याहून मोठ्या संस्थांची निवडणूक पुण्यातल्या राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाच्या यंत्रणेमार्फत होते. आदर्श उपविधींप्रमाणे 100 सभासदांपर्यंत 11 जागा: सहा सर्वसाधारण, दोन महिलांच्या, आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास, विमुक्त-भटके अशी प्रत्येकी एक. अर्ज भरण्याआधी थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. आधी मागूनही दिला नाही तर बँकेच्या नोंदी जोडा. दोनपेक्षा जास्त अपत्यांची अट इथेही लागू आहे, छाननीत नेमकी तीच पुढे येते. निकालावर हरकत असेल तर दोन महिन्यांत सहकार न्यायालयात जावे लागते.

निवडून येणे हा अर्धा भाग. नवी कमिटीही तीच 20 ची गणसंख्या आणि तोच आयत्या वेळचा विषय वापरेल, म्हणून उपविधी बदला. दुरुस्तीसाठी जनरल बॉडीत हजर व मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांश मतांचा ठराव लागतो, आणि तो दोन महिन्यांत उपनिबंधकाकडे नोंदणीसाठी पाठवायचा. नोंदणी होईपर्यंत तो लागू नाही. कायद्याशी विसंगत दुरुस्ती नोंदली जात नाही, तेव्हा ‘एजीएमला न येणाऱ्याला दंड’ असल्या कल्पना सोडून द्या. नोंदता येण्याजोगे आणि फरक पाडणारे असे: पाच लाखांवरील खर्चाला गुप्त मतदान; निविदा सीलबंद, ठरल्या वेळी सभासदांसमोर उघडणे; कमिटी सदस्याने नातेसंबंध आधी लेखी जाहीर करून त्या विषयाच्या वेळी बाहेर बसणे; दर महिन्याच्या 10 तारखेपर्यंत बँक खात्याचा उतारा सूचना फलकावर. यातले शेवटचे सर्वात साधे आणि सर्वात परिणामकारक. उतारा दर महिन्याला दिसू लागला की अर्ध्या शंका आपोआप मिटतात आणि उरलेल्या अर्ध्यांना आकडे मिळतात.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने 2024 च्या कायद्याने हेच सक्तीचे केले: 100 किंवा अधिक घरांच्या होमओनर्स असोसिएशनने उपविधी, अंदाजपत्रक, करार आणि सभांच्या नोटिसा 1 जानेवारी 2025 पर्यंत संकेतस्थळावर ठेवायच्या, नव्या संचालकांनी प्रशिक्षण घ्यायचे, आणि कंत्राटदाराकडून मलिदा घेणे फौजदारी गुन्हा. तिकडे राहणाऱ्या मराठी घरमालकांच्या तक्रारी इथल्यापेक्षा फार वेगळ्या नव्हत्या असे म्हणायला हरकत नाही. आपल्याकडे एक लाखाहून जास्त गृहनिर्माण संस्था आणि उपनिबंधकाच्या टेबलावर फाइलींचा ढीग, अशा स्थितीत मागितल्यावर कागद देण्याऐवजी न मागता कागद उघडा ठेवणे कायद्यातच यायला हवे. तोपर्यंत ते उपविधीत आणणे तुमच्या हातात आहे.

निवडणुकीनंतर दफ्तर ताब्यात घेणे ही वेगळी लढाई. जुन्या अध्यक्षाने नव्याकडे कागद सोपवणे कलम 160 प्रमाणे बंधनकारक आहे. न दिल्यास कलम 80 खाली दफ्तर जप्तीचा आदेश मागता येतो. पहिल्याच दिवशी बँकेत ठराव देऊन जुन्या सह्या बंद करा, चेकबुक आणि ओटीपीचा मोबाईल क्रमांक बदला. मग यादी करून, दोन्ही बाजूंच्या सह्यांनी घ्या: नोंदणी प्रमाणपत्र, कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावे करणारा दस्त) किंवा मानीव अभिहस्तांतरणाचा आदेश, मंजूर नकाशे, भोगवटा प्रमाणपत्र, ‘आय’ आणि ‘जे’ नोंदवह्या, दोन्ही इतिवृत्त पुस्तके, शेअर सर्टिफिकेटच्या शिल्लक प्रती, सिंकिंग फंडाच्या मुदत ठेवींच्या मूळ पावत्या, लिफ्ट आणि अग्निशमनाचे कागद, बिलिंग सॉफ्टवेअरचा ॲडमिन पासवर्ड. मुदत ठेवीच्या पावत्यांची छायाप्रत स्वीकारू नका. ठेव आधीच मोडलेली असेल तर छायाप्रत अजूनही खरीच दिसते. प्रत्येक पावतीचा क्रमांक बँकेकडून त्याच आठवड्यात लेखी पडताळून घ्या.